घरतसाहेबांचं वऱ्हाड

घरतसाहेब रोज सकाळी कॉम्प्युटरसमोर बसून हजेरी घ्यायचे. माणसांची नव्हे. माणसं आली काय, न आली काय, त्यांना त्याचं काही नसायचं. एसी रूमच्या बाहेर चपला काढायच्या, आत येऊन खुर्चीवर चक्क मांडी घालून बसायचं, चष्मा पुसायचा आणि पडद्याकडे बघत खड्या आवाजात विचारायचं, "दामोदर?" मग बटणं दाबायची. पडद्यावर एक ओळ उमटायची. ती वाचून आपणच उत्तर द्यायचं, "हाय."

"सखाराम?" "हाय."

"प्रभाकर?" "हाय. बरा हाय."

मी कामाला लागले त्या पहिल्याच सकाळी हे बघितलं आणि मनात म्हटलं, कमल, दीड दिवस गाडीत बसून आलीस ती बरोब्बर वेड्यांच्या ऑफिसात आलीस. कारण खोलीत दामोदर नावाचं कोणी नव्हतं. सखारामही नव्हता. एक शैलेश होता, तो प्रोग्रॅम लिहायचा, आणि त्याची हजेरी मात्र कोणी घेत नव्हतं.

ऑफिस बेलापूरला होतं, दुसऱ्या मजल्यावर. नव्वदच्या दशकातली शेवटची शेवटची वर्षं. खाली उतरलं की रुंद रस्ते आणि त्या रस्त्यांवर कोणी नाही, असं तेव्हाचं बेलापूर. आमचे मालक नाडकर्णीसाहेब. उरणकडच्या कंटेनर यार्डांना लागणारं पॅकेज आम्ही बनवायचो. ट्रेलर गेटमधून आत आला की कंटेनरचा नंबर घालायचा, पावती छापून बाहेर यायची. नवीन पॅकेज तयार झालं की ते फ्लॉप्यांवर उतरवायचं, लेबलं लिहायची, खोक्यात भरून यार्डांना पाठवायचं, हे माझं काम. माझं अक्षर चांगलं होतं. एवढ्यावरच मला घेतलं होतं.

मुलाखतीत नाडकर्णीसाहेबांनी विचारलं होतं, "शिक्षण?" मी सांगितलं, "दहावी नापास." ते धादांत खोटं होतं. मी सातवीनंतर शाळा सोडलेली. किनवटच्या पुढे आमचं गाव, पुढची शाळा नदीपलीकडे, आणि मुलीला कोण पाठवतंय. पण पास म्हटलं तर सर्टिफिकेट दाखवावं लागतं. नापासाला कोण काय मागणार? हे मीच डोकं लढवून ठरवलं होतं आणि त्याच डोक्याला पुढची दोन वर्षं रोज धास्ती होती की कोणीतरी विचारेल, कुठल्या विषयात?

इंग्रजी अक्षरं मला येत होती. शब्द येत नव्हते. लेबलावरचं नाव मी रांगोळीसारखं उतरवायचे. कोणाला कळलं नव्हतं. घणसोली गावात चुलतबहिणीबरोबर एका खोलीत राहायचे, सकाळी बसमध्ये बसले की गावदेवीला म्हणायचे, आजचा दिवस निघू दे. संध्याकाळी म्हणायचे, निघाला.

तर दामोदर, सखाराम आणि प्रभाकर. ही माणसं म्हणजे लायब्रऱ्या होत्या. पुस्तकांच्या नव्हेत. मला ते घरतसाहेबांनीच समजावलं. "हे बग बाय, घर बांधायचं तर आपन खिडक्या घरात बनवतो का? सुतार आनतो. तसंच हाय. पॅकेज आपलं पोरं लिवतात, पन पडद्यावर चौकट काढायची, कागदावर छापायचं, म्हायती साठवायची, ही कामं करनारे कसबी बायरून आनतो." बाहेरच्या कंपन्या ही तयार कामं फ्लॉपीवर विकायच्या. त्यांची मूळ नावं इंग्रजी, तीन-तीन अक्षरांची. ती घरतसाहेबांना रुचत नव्हती. "नुसती अक्षरं कशी काय हाक मारनार?" म्हणून माहिती साठवणारा तो दामोदर, पडद्यावरचा सखाराम आणि छपाईवाला प्रभाकर. आमचं लिहिलेलं आणि या तिघांचं, सगळं एकत्र सांधून एक पॅकेज उभं करायचं, त्याला शैलेश आणि बाकीचे बिल्ड म्हणायचे. घरतसाहेब म्हणायचे, मांडव.

"मांडव उभा ऱ्हायला का?" एवढाच त्यांचा प्रश्न असायचा. आणि नाही राहिला तर दुसरा, "कोन रुसलाय ते बगा."

एरर हा शब्द त्यांच्या तोंडी नव्हता. रुसवा. बाहेरच्या कंपनीने लायब्ररीत बदल करून नवीन पाठवली की आमचा चालता मांडव कोसळायचा. त्या कोसळलेल्यात हात घालणारा माणूस म्हणजे घरतसाहेब. त्यांच्याकडे एक लांबट लाल वही होती, तीत कोणाचं कोणाशी पटतं, कोणाचं कधीपासून बिनसलंय, कोण कोणाशिवाय पाऊल उचलत नाही, हे सगळं लिहिलेलं. शिवाय प्रत्येकाचं वजन. म्हणजे डिस्कवर किती जागा खातो ते. ते तर रोज तपासायचे.

एकदा सकाळी हजेरीत ते अडकले. "सखाराम? हाय..." मग चष्मा वर केला. "वजन वाढलंय याचं. कालपास्नं. कोनी काय खायला घातलं?"

शैलेशचे कान लाल झाले. कुरिअरने सखारामाची नवीन आवृत्ती आली होती, ती त्याने संध्याकाळी कोणाला न विचारता चढवली होती.

"साहेब, नवीन आहे. फास्ट आहे."

"अरे, नवीन नवरी पन नवीन असते. पन तिला इचारतात, बाय तुला तिखट चालतं का? तू इचारलंस?"

शैलेशने बिल्ड लावून बघितला तर पडदाभर एरर. दोनेकशे असतील. शैलेश डोकं धरून बसला. घरतसाहेब मात्र पहिली ओळ वाचून थांबले. "बाकीच्या वाचूच नको. पहिला रडतो तोच खरा. बाकीचे त्याला बगून रडतात." त्यांनी एके ठिकाणी दोन शब्द बदलले आणि खरंच दोनशेपैकी एकशेनव्वद गप्प झाले. उरलेल्या दहांना त्यांनी दुपारपर्यंत एकेकाला बाजूला घेऊन समजावलं.

लायब्ररी विकणाऱ्या बंगलोरच्या कंपनीला ते स्वतः फोन लावायचे. इंग्रजी त्यांचं चांगलं होतं, पण विचार सगळा त्यांच्या गावचा, जासईचा. "हॅलो, युवर बॉय इज नॉट ॲडजस्टिंग." पलीकडच्याला काही कळायचं नाही. "नो नो, ओल्ड बॉय व्हेरी गुड. न्यू बॉय, एव्हरी टाइम आस्किंग स्क्रीन विड्थ. व्हाय?" शैलेश तोंडावर रुमाल धरून बाहेर पळायचा. मी हसायचे नाही. मला हसण्याएवढं इंग्रजीच कळत नव्हतं.

जासईला त्यांचं घर होतं. उरणच्या वाटेवरचं गाव, आजूबाजूला एकामागून एक कंटेनरची यार्डं उभी राहिलेली. त्यातल्याच एका यार्डाखाली त्यांची भातखाचरं गेली, असं शैलेशने सांगितलं होतं. जेवताना ते जिन्यात जाऊन बसायचे, डब्यात सुकट असली की दुसऱ्या मजल्याचा वास पहिल्याला. लग्न झालेलं नव्हतं. पन्नाशीला आलेले. घरी आई. कोणी मित्र भेटायला आलाय, कोणाचा फोन आलाय, असं मी कधी बघितलं नाही.

आई धवलारीण होती. मला आधी ते माहीत नव्हतं, आमच्याकडे तो प्रकार नाही. आगरी लोकांच्या लग्नात ही बाई धवळे गाते. गाण्यातूनच गावदेवीपासून एकेका देवाला, मग पितरांना, मग सोयऱ्यांना नाव घेऊन मांडवात बोलावते. आणि क्रम ठरलेला असतो. आधी कोण, मागून कोण. "एकाचं नाव मागं-पुढं जालं ना, तर तो येत नाय," घरतसाहेब सांगायचे, "आनि तो नाय आला तर त्याच्या भरवशावर येनारे चार पन दारात उभे ऱ्हातात. मी लहानपनी आयच्या पाठीमागं बसून हेच शिकलू. शाळंत गनित शिकलू ते कमीच."

आता माझ्या चुकीचं सांगते.

प्रभाकरची नवीन आवृत्ती आली ती नवरात्राच्या दिवसांत. म्हणजे आता प्रभाकर दोन झाले. जुना थोरला, चार फ्लॉप्यांचा. नवा धाकटा, तोही चार फ्लॉप्यांचा. घरतसाहेबांनी दोन्ही संच माझ्या कपाटात ठेवायला दिले आणि बजावलं, "बाय, या धाकट्याला हात लावायचा नाय. तो अजून पाव्हना हाय."

खंडेनवमीला ऑफिसात मशीनची पूजा. आदल्या दिवशी साफसफाई. नाडकर्णीसाहेब म्हणाले, नवीन फ्लॉप्यांचं खोकं संपलंय, जुन्या असतील त्या पुसून घे आणि वापरायला काढ. मी कपाट लावलं. आठेक फ्लॉप्या निघाल्या, आणखी हव्या होत्या. आणि माझ्यासमोर दोन प्रभाकर.

आता आमच्या घरी जेवायला कमी पडलं तर काय करतात? घरच्यांच्या ताटातलं काढतात आणि पाहुण्याला वाढतात. पाहुण्याला कळूसुद्धा देत नाहीत. साहेबांनी सांगितलंच होतं, धाकटा पाहुणा आहे. मी एक क्षणही विचार केला नाही. थोरल्याच्या चारही फ्लॉप्या पुसल्या, लेबलं खरवडली, नवीन लेबलं लावली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर हळदकुंकू वाहिलं. वर झेंडूचं फूल.

त्याच पूजेनंतर शैलेशने, या वेळी रीतसर विचारून, धाकटा प्रभाकर थोरल्याच्या जागी मशीनवर चढवून बघायला घेतला. घरतसाहेबांनी परवानगी दिली. थोरला कपाटात सुखरूप आहे, नाही जमलं तर परत आणू, असा त्यांचा हिशेब. एरवी टेपवरही एक प्रत असायची, पण ते टेपचं यंत्र महिनाभर दुरुस्तीला गेलेलं.

दसऱ्याची सुट्टी झाली आणि शनिवारी सकाळी जासईच्या यार्डातून फोन. पावतीवर कंटेनरचे नंबर एकावर एक छापले जातायत. ट्रेलरची रांग लागलीय. सोमवार सकाळपर्यंत दुरुस्त पॅकेज मिळालं नाही तर कॉम्प्युटर तुमच्या ऑफिसात आणून ठेवू आणि वहीवर लिहू. आमचं सगळ्यात मोठं यार्ड ते. नाडकर्णीसाहेब घाम पुसत एसी रूममध्ये आले.

चूक शैलेशच्या लिहिण्यात होती, ती त्याने दहा मिनिटांत सुधारली. पण बिल्ड उभा राहीना. धाकटा प्रभाकर रुसून बसला होता.

"थोरल्याला आन गो बाय," घरतसाहेब शांतपणे म्हणाले. "दसरा जाला, आता कामाला लाग म्हनावं."

मी कपाटाशी गेले. तेव्हा मला कळलं. पाहुण्याला हात लावायचा नाही म्हणजे त्याला जपायचं नव्हतं. त्याच्यावर विसंबायचं नव्हतं.

मी काय केलं? मी म्हटलं, "सापडत नाहीये, साहेब."

मग सगळ्यांनी शोधलं. खुर्च्यांखाली, पंख्याच्या खोक्यात, नाडकर्णीसाहेबांच्या ड्रॉवरमध्ये. मीही शोधत होते, सगळ्यात जास्त. घरतसाहेब माझ्या टेबलापाशी आले, पूजेतली एक फ्लॉपी उचलली, उलटी केली, मागे कोपऱ्यात त्यांनीच कधी पेन्सिलीने केलेली एक बारीक खूण होती, ती बघितली. माझ्याकडे बघितलं नाही. फ्लॉपीवरचं कुंकू अंगठ्याने पुसलं आणि ती परत ठेवली.

"नाय सापडत," ते म्हणाले. "आता धाकट्यालाच नांदवायला लागेल."

नाडकर्णीसाहेबांनी माझ्या डोळ्यांदेखत टेबलावर हात आपटला. "कोणीतरी पुसलंय. हे चालणार नाही, घरत. आधी पॅकेज जाऊ दे. सोमवारी मी एकेकाला बोलावून विचारणार. ज्याने पुसलंय त्याने सरळ आपल्या घरी जायचं."

माझं घर किनवटच्या पुढे होतं. परत जायचं म्हणजे परतच जायचं. आणि एकदा चौकशी सुरू झाली की दहावी नापासही निघालंच असतं.

शनिवारभर घरतसाहेब धाकट्याच्या मागे होते. आधी छापताना नुसतं काय छापायचं ते सांगितलं की पुरे व्हायचं, आता कागदाची रुंदीही सांगावी लागत होती. तेवढं जिथे जिथे लागत होतं तिथे त्यांनी घातलं. तरी एररच्या काही ओळी राहिल्याच. निघताना मला म्हणाले, "उद्या सकाळी ये. वाचून दाखवायला मानूस पायजे. डोल्यांनी बगून बगून मला काय दिसत नाय आता, कानानं ऐकतो."

रविवारी ऑफिसात आम्ही दोघंच. त्यांनी राहिलेल्या ओळी छापलेला हिरव्या पट्ट्यांचा कागद माझ्या हातात दिला, डोळे मिटून मांडी घातली. "वाच."

मी वाचायला लागले. "यू. एन. डी. ई..."

"अक्षरं नको. शब्द वाच."

मी कागद उलटसुलट केला. बाहेर कुठेतरी पाण्याची टाकी वाहत होती, तिचा आवाज येत होता.

"वाचता येत नाय?"

"अक्षरं येतात साहेब. शब्द येत नाहीत."

"कितवी शिकलीस?"

"सातवी."

"आनि नाडकर्नीला काय सांगितलंस?"

"दहावी नापास."

घरतसाहेबांनी डोळे उघडले. "नापास सांगितलंस? अगो, खोटंच बोलायचं तर पास तरी सांगायचं!"

"पासाला सर्टिफिकेट लागतं, साहेब."

ते हसायला लागले. मी त्यांना त्याआधी हसताना बघितलं नव्हतं. आवाज न करता हसायचे, नुसती खुर्ची हलत होती. डोळ्यांतून पाणी आलं, चष्मा काढून पुसला. मला काय झालं कोण जाणे, त्या हसण्यात मी बोलून गेले, "थोरला प्रभाकर मी पुसला. धाकटा पाहुणा आहे असं तुम्ही म्हणाला होतात म्हणून."

हसणं थांबलं. त्यांनी चष्मा परत चढवला.

"माहीत हाय," ते म्हणाले. "वाच. अक्षरं वाच. सावकाश."

मी एकेक अक्षर वाचत गेले, ते डोळे मिटून जोडत गेले. आठव्या की नवव्या ओळीला त्यांनी हात वर केला. "थांब. हा सखारामाला बोलावतोय."

मग त्यांनी मला समजावलं, म्हणजे स्वतःलाच. मशीनला शेवटी एक यादी द्यायची असते, कामाला कोण कोण हवेत त्यांची. मशीन ती यादी वरून खाली एकदाच वाचतं. एखाद्याचं नाव आलं की बघतं, याला आतापर्यंत कोणी मागितलंय का? मागितलं असेल तेवढ्यापुरता आत घेतं, नसेल तर दारातूनच परत पाठवतं. मग मागाहून कोणी कितीही हाका मारो, ते मागे वळून बघत नाही. थोरला प्रभाकर एकटा जीव, त्याला सखाराम लागत नव्हता. उलट सखारामाचंच काही काम त्याच्याकडे पडायचं. म्हणून यादीत आधी सखाराम, मग प्रभाकर, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. धाकट्याला मात्र कागद संपला की पडद्यावर चौकट काढून सांगायची हौस. त्यासाठी त्याला सखाराम हवा. आणि त्याचं नाव येईपर्यंत सखाराम येऊन गेलेला.

"मान बदललाय," घरतसाहेब म्हणाले. आधी प्रभाकर, मग सखाराम अशी यादी फिरवली. मशीन घरघरलं. सगळ्या ओळी गेल्या, तीन नव्या आल्या. मी अक्षरं वाचली. आता सखाराम प्रभाकराला हाका मारत होता.

"याला आधी बोलावला तर तो रडतो. त्याला आधी बोलावला तर हा." ते खुर्चीतून उठले, खोलीत फिरायला लागले आणि तोंडातल्या तोंडात गुणगुणायला लागले. आईचा धवळा होता. मला शब्द कळत नव्हते, नावं कळत होती. एकेक नाव येत होतं, जात होतं. मग ते खिडकीपाशी थांबले.

"मामा," ते म्हणाले.

"काय, साहेब?"

"नवरीच्या मामाला आय दोनदा बोलावते. एकदा दारात, सगळ्यांच्या आधी, नायतर तो रुसतो. आनि एकदा मांडवात, सगळे बसल्यावर. कारन तवा त्याचं खरं काम असतं."

त्यांनी यादी नीट लिहिली. प्रभाकर. सखाराम. पुन्हा प्रभाकर. एकच नाव दोनदा. बटण दाबलं आणि हात जोडून बसले. मीही हात जोडले. मशीन बराच वेळ घरघरलं, आणि पडद्यावर काहीच आलं नाही. काहीच न येणं म्हणजे मांडव उभा राहिला, एवढं मला दोन वर्षांत कळलं होतं.

ते पॅकेज मी फ्लॉप्यांवर उतरवलं. दुपारी आम्ही दोघं बसने जासईला गेलो. यार्डाच्या गेटवर पहिली पावती छापून निघाली, नंबर एकाशेजारी एक, सरळ. गेटवरचा क्लार्क म्हणाला, "आलं बुवा." घरतसाहेबांनी ती पावती घडी करून खिशात ठेवली. त्यांना तिथे अजून काम होतं, त्या क्लार्कला शिकवायचं होतं. मला म्हणाले, "तिकडं तो निला दरवाजा दिसतो ना, ते घर. आयकडं जाऊन चा पी. मी येतोच."

मला चहा नको होता. उद्या सोमवार होता. पॅकेज गेलं होतं, आता चौकशी होणार. साहेबांना सगळं कळलंय, आणि नाडकर्णीसाहेबांनी तोंडावर विचारलं तर ते काय सांगतील, हे विचारायची माझी छाती झाली नव्हती. तसेच पाय ओढत निळ्या दारापाशी गेले.

घर मोठं होतं. ओटीवर वीस माणसं बसतील एवढी जागा आणि एक म्हातारी, लसूण सोलत. कासोटा घातलेलं लुगडं, कपाळावर गोंदण. मी सांगितलं, साहेबांच्या ऑफिसातली आहे. तशी हातातलं सूप बाजूला सारून तिने मला अगदी जवळ बसवलं.

"बाबूच्या हपिसातली? मंग सांग, सखाराम कसा हाय? वजन कमी जालं का त्याचं?"

मला आधी कळलंच नाही.

"नाय, बाबू बोलत होता, लय वाढलंय. बायरचं खातो म्हनं." आजी थांबायलाच तयार नव्हत्या. "दामोदर बरा. तो कोनाच्या अध्यात नाय, मध्यात नाय. त्याचं मला काय नाय वाटत. रोज संध्याकाली बाबू येतो, चा पितो आनि मला एकेकाचं सांगतो. आज अमका रुसला, त्याची समजूत काढली. मी बोलते, तुझ्या बापासारका हायेस, समद्यांची मनं धरतोस."

मी चहाचा कप धरून बसले होते. तो खाली ठेवला.

"लहान होता तवा याला कोन खेलायला घेत नवतं, बाय. मी धवल्याला जायची, हा आपला माझ्या पदराला. मला वाटायचं, माझ्यामागं याचं कोन? पन आता एवढी मानसं हायेत ना हपिसात. धा-धा वर्सांची जुनी. म्हनून मी बिनघोर हाय."

मग त्यांनी आवाज खाली आणला. "थोरला प्रभाकर गेला म्हनं."

मी मान हलवली.

"काल बाबू आला तो जेवलाच नाय. मी इचारलं, काय जालं? बोलला, आये, थोरला गेला. मी बोलले, कोनी काढला का त्याला? कोनाची चूक जाली का? तर बोलला, नाय गो. त्याच्या गावाला त्याची आय एकटी होती. म्हनून तो आपनहून गेला. कोनाचा काय दोष नाय." आजींनी माझा हात धरला. "खरं ना, बाय? तू तिथंच होतीस ना?"

शनिवारी संध्याकाळीच सांगितलं होतं त्यांनी हे. मी काही कबूल करायच्या आधी. ऐकायला दुसरं कोणी नव्हतं, एकटी म्हातारी आई होती, आणि तिच्यासमोरसुद्धा त्यांनी माझ्यावर बोट ठेवलं नव्हतं. उद्याची भीती माझ्या पोटातून कुठे गेली ते मला कळलं नाही.

"खरं आहे, आजी," मी म्हटलं. "कोणी काढलं नाही त्यांना."

"पोचला का नीट?"

"पोचले. पत्र आलं."

"आय बरी हाय त्याची?"

"बरी आहे. फार आनंद झाला तिला."

"मंग बरं," म्हातारीने डोळ्यांना पदर लावला. "आनि आता त्याच्या जागी?"

"धाकटे भाऊ आलेत त्यांचे. जरा मानी आहेत. पण साहेबांचं ऐकतात. आजच आले कामावर."

"मंग त्याला एकदा जेवायला घेऊन या की. समद्यांनाच आना. मी हाय तवर आना."

दारात कोणीतरी उभं होतं म्हणून मी वर बघितलं. घरतसाहेब. एक चप्पल काढलेली, एक पायातच. कधीपासून उभे होते माहीत नाही. मी बघितलं तशी त्यांनी मान खाली घातली आणि दुसरी चप्पल काढायला फार वेळ लावला.

"येल गो आये," ते खाली बघतच म्हणाले. "जरा रुलू दे तिला."

मग त्यांच्या लक्षात आलं.

"त्याला," ते म्हणाले, आणि पाय धुवायला मागच्या दारी गेले.